आमच्या दाढेतली चांदी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दाढेत भरतात त्या चांदीत पारा असतो आणि तो घातक, असे सांगणारा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. वाचला म्हणण्यापेक्षा वाचावा लागला, कारण सकाळी नऊच्या आत दोन नातेवाइकांचे फोन आले, ‘दाढेतली चांदी काढून घ्यायची का हो?’

असाच एक लेख वाचून आमच्या सौ.ने दोन वर्षांपूर्वी चांगली तीस वर्षे टिकलेली चांदी उकरून घेतली. तिथे दाताच्या रंगाचे सिमेंट बसले. आठवड्यात ठणका, मग रूट कॅनॉल, मग कॅप. साडेनऊ हजार गेले आणि त्या बाजूने ती आजही शेंगदाणा चावत नाही.

युरोपातली बंदी आपण ठळक अक्षरांत छापलीत. उत्तम. पण १ जानेवारी २०२५ पासूनची ती बंदी नव्याने चांदी भरण्यावर आहे, भरलेली उकरा असे त्यात नाही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेने) २०२० साली गरोदर स्त्रिया, सहा वर्षांखालची मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण वगैरेंना शक्यतो चांदी भरू नका म्हटले, आणि सुस्थितीतली चांदी काढू नका, काढताना पाऱ्याची वाफ जास्त निघते, हेही म्हटले. लेखकमहाशयांना यातले पहिले तेवढे सापडले. उरलेले जागेअभावी गळाले असावे.

माझी दाढ १९८१ची. दवाखान्यातला मदतनीस खलात पारा आणि चांदीची पूड घोटायचा, गोळा फडक्यात घालून उघड्या बोटांनी पिळायचा. जादा थेंब टेबलावर पळायचे. त्यातला एक त्याने औषधाच्या बाटलीत घालून मला दिला; तो मी वर्षभर पाटीवर खेळवला! दाढेत चांदी दाबताना होणारी कुरकुर अजून कानात आहे. ‘चोवीस तास या बाजूने चावायचे नाही,’ डॉक्टर म्हणाले. त्यानंतर मी चाळीसहून जास्त वर्षे चावतो आहे.

खरा धोका असलाच तर बंद खोलीत दिवसभर पारा पिळणाऱ्या त्या मदतनिसाला होता. त्याच्याबद्दल लेखात एक ओळ नाही. उकरलेली चांदी बेसिनमधून कुठे जाते, हेही नाही. पाऱ्याला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात दातांची चांदी आली ती मुख्यतः या सांडपाण्यातल्या आणि हवेतल्या पाऱ्यामुळे, आणि भारताने तो २०१८ साली मान्य केला आहे. माझ्या दाढेतला पाराही एक दिवस माझ्याबरोबर स्मशानात धूर होऊन जाणार. तेव्हा जरूर बोंब मारा.

लेखाच्या खालीच ‘पारामुक्त हास्य’वाल्या दवाखान्याची पाव पान जाहिरात होती. योगायोग असेल.

जाता जाता, मागच्या शनिवारच्या शब्दकोड्याचे उत्तर अजून छापलेले नाही. माझा उभा ७ अडला आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली