हरून हरून पाचवाच नंबर

संपादक साहेब, नमस्कार.

क्रीडा पानावर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, क्वचितच दिसतं म्हणून लिहितोय. मी त्यातल्या युटा जॅझ टीमचा फॅन, इथं विश्रामबागेत सकाळी साडेसातला मॅच लावून बसतो. 2022 ला गोबेर आणि मिचेल या दोन्ही स्टार खेळाडूंना ट्रेड केलं, म्हणजे बदल्यात दुसरे खेळाडू घेऊन दुसऱ्या टीमना दिलं, नवीन टीम बांधायची म्हणून, ते पटलं मला. पण 2024-25 ला 82 पैकी 65 मॅच हरलो, लीगमध्ये सगळ्यात खाली, वर आपल्याच स्टार खेळाडूला, मार्कनेनला, बाहेर बसवलं म्हणून लीगनं एक लाख डॉलर दंड ठोकला. एवढं करून ड्राफ्ट लॉटरीत (नवीन खेळाडू आधी कुठल्या टीमनं निवडायचे ते ठरवणारी सोडत, जास्त हरणाऱ्यांना जास्त चान्स) पहिल्या नंबरचा चान्स फक्त 14 टक्के, मिळाला पाचवा, आणि 1.8 टक्केवाल्या डॅलसला पहिला नंबर, म्हणजे त्या वर्षीचा सगळ्यात भारी नवा खेळाडू कूपर फ्लॅग! त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पोरांवर राग नाहीच. केसलर तर गोबेरच्याच ट्रेडमधून आलेला, कसला जीव तोडून ब्लॉक मारायचा. पण आपलीच टीम हरावी असं मनात धरून मॅच बघायची हे मला जमत नाही, शेवटच्या मिनिटाला दोन पॉइंटचा फरक असला की ड्राफ्ट गेला खड्ड्यात, जिंका रे, असंच तोंडातून निघतं.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली