‘श्रमप्रधान’ शब्दाचा हिशेब

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

द्राक्षशेतीवरचा आपल्या अंकातला लेख आवडला, पण त्यात ‘श्रमप्रधान’ हा शब्द चार वेळा आला आणि चारही वेळा ‘फार कष्टाची’ एवढ्याच अर्थाने. दिंडोरी तालुक्यात आमची तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे. मजुरीची वही १७ वर्षं मीच लिहिते, म्हणून हे पत्र.

यंत्रं आणि भांडवलाच्या मानाने ज्यात माणसांचे हात जास्त लागतात, ते उत्पादन श्रमप्रधान. कोण किती दमलं हा प्रश्न वेगळा. ऑक्टोबर छाटणीनंतर मणी धरले की आमच्याकडे विरळणी सुरू होते. पेठ-सुरगाण्याकडच्या बाया कैची घेऊन मांडवाखाली दिवसभर मान वर करून उभ्या. एकेका घडात शंभरेक मणी ठेवायचे, बाकीचे खाली. मग तेच घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाच्या, पाण्यात एकेक करून बुडवायचे. या दिवसांत वहीची पानं भराभर संपतात. फवारणीचं तसं नाही. सासरे पाठीवर पंप घेऊन फिरायचे, पुढे नळी ओढायला दोन गडी आले, आता ट्रॅक्टरमागे ब्लोअर आणि एकच माणूस. तोही औषधाने माखून, पाठ धरूनच घरी येतो. पण ते काम आता भांडवलप्रधान: हप्ता डोंगराएवढा, मजुरी नखाएवढी.

म्हणजे हे विशेषण वस्तूला नाही, ती करण्याच्या पद्धतीला लागतं. येवल्यात हातमागावर पदराचा मोर धाग्याधाग्याने भरतात, ती पैठणी श्रमप्रधान. यंत्रमागावरची सेमी पैठणी तशी नाही. कापड, चामडं यांसारख्या उद्योगांना सरकार श्रमप्रधान म्हणतं तेही याच हिशेबाने, तेवढ्याच गुंतवणुकीत जास्त हातांना काम मिळतं म्हणून.

शब्द चुकला की पैसेही चुकतात, हे मी पाहिलंय. एकदा पीककर्जासाठी गेले तेव्हा समोरचे साहेब म्हणाले, “ताई, श्रमप्रधान शेती ना तुमची? मग खर्च कसला, घरचीच माणसं राबतात.” मी वही पुढे सरकवली. त्यांनी ती उघडली नाही, आणि मागितलं त्याच्या निम्मंच कर्ज मंजूर झालं. त्या वर्षी विरळणीची मजुरी मी कानातलं गहाण ठेवून भागवली.

तेव्हा लेखकाला ‘कष्टाची’ म्हणायचं असेल, तर कृपया ‘कष्टाची’ असंच छापावं.

– एक द्राक्ष बागायतदार, ता. दिंडोरी, जि. नाशिक