पावतीच्या पाठीवरच्या चार ओळी

ती. नाना,
सप्रेम नमस्कार.

पुस्तिकेत नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून तुमच्या वाचनालयाचंही नाव घालत नाही. ओळखणारे पेन्सिलीवरून ओळखतील.

तुम्ही ज्या पावतीवर लिहिलंत त्याची पुढची बाजू आधी सांगतो. तिथे एका कार्यालयाचा निळा शिक्का आहे: ‘अभिलेख उपलब्ध नाही’. तीन खेट्यांनंतर मिळालेला. गिरणी कामगारांच्या जुन्या पुढाऱ्याचं चरित्र लिहायचंय म्हटल्यावर साहेबांनी पक्ष विचारला, कपाट काही उघडलं नाही. तुम्ही तोच कागद उलटा केलात, कानावरची पेन्सिल काढलीत आणि लिहिलंत:

‘जळगाव नको, पूर्व खान्देश बघा.
पाटील सोडा, बापाचं नाव धरा.
आधी संपाची तारीख, मग माणूस.
1 जून दिसला की थांबा.’

वर अहिराणीत म्हणालात, “आधी जिल्हा बदला भाऊ, मंग मानूस भेटी.” आणि भेटला.

खान्देशाचे 1906 मध्ये पूर्व (आजचा जळगाव) आणि पश्चिम (आजचे धुळे-नंदुरबार) असे दोन जिल्हे झाले, हे शाळेत सगळेच शिकतात. पण मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात गृह खात्याच्या ‘स्पेशल’ फायली मागताना ते कुणालाच आठवत नाही. अमळनेरचा माणूस तिथे ‘ईस्ट खान्देश’मध्ये, शहाद्याचा ‘वेस्ट खान्देश’मध्ये, आणि धुळ्याचं तर ‘धुलिया’. उलटी चूकही होते. अंबरसिंग सुरतवंतींसारखे सत्तरच्या दशकातले आदिवासी शेतमजुरांचे नेते लोक नंदुरबार जिल्ह्याखाली शोधतात. तो जिल्हा 1998 चा, कागद सगळे धुळ्याचे.

तिसऱ्या ओळीनं सर्वांत जास्त काम केलं. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसचं ‘लेबर गॅझेट’ 1921 पासून दरमहा निघायचं. संप-टाळेबंदीच्या तक्त्यात गिरणी, गाव, किती कामगार बाहेर, कधी सुरू, कधी मिटला, कारण आणि निकाल असे रकाने असतात. पुढाऱ्याचं नाव नसतं, म्हणून लोक वैतागून अंक मिटतात. तुम्ही म्हणालात, “तारीख मिळाली ना? बस्स.” ती तारीख घेऊन साप्ताहिकांच्या फायली उघडायच्या, संप मिटल्यानंतरचे दोन-तीन अंकही सोडायचे नाहीत, कारण सभेतली भाषणं उशिरा छापली जात. साने गुरुजींचं अमळनेरचं ‘काँग्रेस’ साप्ताहिक 1938 चं. त्या काळासाठी त्यापासूनच सुरुवात. अंकावर नुसता शालिवाहन शक असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवायचे, पण जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतच्या अंकांना 79. इथे एक वर्ष चुकलं की संप आधीचा आणि मागणीपत्र नंतरचं, असा गोंधळ होतो.

मग युनियनचे कागद. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम 5 प्रमाणे नोंदणीच्या अर्जासोबत पदाधिकाऱ्यांचं नाव, वय, पत्ता आणि व्यवसाय द्यावा लागे. कलम 28 खाली दरवर्षी बदललेले पदाधिकारी कळवावे लागत. कलम 22 मुळे निम्मे तरी पदाधिकारी त्याच उद्योगातले. वकील अध्यक्षाचं चरित्र कुठल्या ना कुठल्या कोशात असतंच. साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहणारा सहचिटणीस मात्र या अर्जातच सापडतो, तोही ‘वय 30’ असा गोल आकडा घेऊन. पोलिसांच्या कागदात विठ्ठलचा विठू आणि विठोबाही होतो. आडनाव पाटील असेल तर शंभर निघतात. बाप आणि गाव पक्कं केल्याशिवाय दोन माणसं एक होतात, किंवा एकाची दोन.

राहिला 1 जून. प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात तो दिसला की समजायचं, गुरुजींनी प्रवेशासाठी वय बसवलंय. खरी नोंद असलीच तर गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, आणि जुनी असेल तर मोडी लिपीत. त्या बुकाची दोन पानं तुम्ही भिंगाखाली धरून वाचून दिलीत, मी लिहून घेईपर्यंत बोट ओळीवरून हललं नाही.

स्मरणिकांबद्दल तुमचं मत आता आमचंही झालंय. एकीत चुकलेलं साल दहांत उतरतं. कामगार चळवळीचे जनक नारायण मेघाजी लोखंड्यांच्या बाबतीतही तेच: त्यांची गिरणी कामगारांची संघटना, मिल हॅण्ड्स असोसिएशन, कुणी 1884 ची सांगतं, कुणी 1890 ची. रविवारची सुट्टी 10 जून 1890 पासूनची, हे मात्र पक्कं. अशा ठिकाणी दोन्ही सालं लिहून कुणी कोणतं दिलंय ते सांगायचं, आपल्याला आवडेल ते ठेवायचं नाही, हे तुम्ही दटावूनच सांगितलंत.

अशी माणसं आहेत अजून. विचारलं की किल्ली घेऊन स्वतः उठतात, धूळ झटकतात, आणि ‘नाही’ म्हणायच्या आधी दुसऱ्या कपाटात बघतात. त्यांचा पगार काय असतो ते मी इथे लिहीत नाही, लाज वाटेल. तुमच्या टेबलावर त्या दिवशी चहा निवत होता. चार ओळी पुऱ्या झाल्यावरच तुम्ही तो प्यायलात, साय बाजूला सारून.

पुस्तिकेची पहिली प्रत सोबत आहे. पावतीची झेरॉक्स आत घातलीय, दोन्ही बाजूंची, शिक्क्यासकट. मूळ कागद मागू नका, देणार नाही.

आपला,
पुस्तिकेचं काम करणारा एक वाचक