विषय: स्टेज १ ट्यूननंतरचा डायनो (गाडीची शक्ती मोजायचं यंत्र) अहवाल आणि तुमचा '१०३ पीएस वाढ' हा दावा

प्रति,
व्यवस्थापक, ट्यूनिंग व डायनो विभाग

कालचा फोन तुमच्या माणसाने मधेच ठेवला, म्हणून आता लेखी.

गाडी ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, सहा गियरची डीएसजी (दोन क्लचची ऑटोमॅटिक). काम स्टेज १ मॅप (इंजिनच्या संगणकाची बदललेली सेटिंग) आणि पॅनेल एअर फिल्टर, बस. टर्बो, इंटरकूलर, डाउनपाइप सगळं मूळचंच. कामाआधीचा अहवाल १९९ पीएस (अश्वशक्ती), नंतरचा ३०२, आणि पावतीवर '१०३ पीएस वाढ' असा शेरा.

१९९ हा चाकांवरचा आकडा आहे आणि ३०२ हा इंजिनचा. कापड आधी मीटरने मोजायचं, मग गजाने, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की कापड वाढलं!

तुमच्याच कागदांवरून हिशोब मांडतो. आधीच्या रनला (चाचणीला) चाकांवर प्रत्यक्ष १८६ पीएस, त्याला एसएई करेक्शन (हवामानाचा फरक काढायचा प्रमाणित गुणक) १.०७, झाले १९९. नंतरच्या रनला प्रत्यक्ष २२०, पण करेक्शन बदलून एसटीडी, म्हणजे आकडा फुगवणारं दुसरं प्रमाण, १.१०, म्हणून २४२. त्यावर 'ट्रान्समिशन लॉस' (इंजिनपासून चाकांपर्यंत वाया जाणारी शक्ती) म्हणून सरसकट २५ टक्के चढवले की ३०२. दोन्हींना एसएई लावलं तर १९९ आणि २३५. वाढ ३६ पीएसची.

मुळात पुण्याच्या उंचीवर टर्बो गाडीला एवढं करेक्शन लावणंच संशयास्पद आहे. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, मॅनिफोल्डमधला ॲब्सोल्यूट दाब बघतो. हवा विरळ असली तर टर्बो जास्त फिरून तूट बरीचशी भरून काढतो. त्यावर पुन्हा नॅचरली ॲस्पिरेटेड (बिनटर्बोच्या) इंजिनचा गुणक लावणं म्हणजे एकाच बिलाचे दोनदा पैसे घेणं.

आता तो लॉस. ३०२ वजा २४२ म्हणजे ६० पीएस, सुमारे ४४ किलोवॅट. दोन किलोवॅटचे बावीस गिझर एकदम चालू केल्यावर होते तेवढी उष्णता गियरबॉक्स आणि टायरमध्ये! कंपनीच्या २३० मधून तुमचे १९९ वजा केले तर हाच लॉस ३१ पीएस होता. गियरबॉक्स तोच, टायर तेच, तेलसुद्धा तेच.

हे सगळं फोनवर शांतपणे विचारलं. म्हटलं, "तुमच्या ग्राफवर ५६०० आरपीएमला टॉर्क ३०४ न्यूटन मीटर दिसतोय. आरपीएमने गुणा, ७०२४ ने भागा, २४२ पीएस येतात. मग तिथेच ३०२ कसे छापले?" उत्तर आलं, "साहेब, टॉर्क वेगळा, पॉवर वेगळी." मी सूत्र पुन्हा सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग, "ते डिझेलचं सूत्र आहे साहेब." मी म्हटलं, सूत्राला इंधन कळत नाही. त्यावर, "तुम्ही इंजिनिअर आहात का? लाल रेघ वर आहे ना? मग झालं तर." पुढे पाच मिनिटं होल्डची धून. डिझेलचं सूत्र! तुमच्या डायनोच्या सॉफ्टवेअरला तरी हे माहीत आहे का, एकदा विचारून बघा.

नंतरच्या रनच्या त्या लाल रेघेबद्दलही बोलू. आधीच्या रनचं स्मूदिंग (रेघ गुळगुळीत करायची सेटिंग) ०, नंतरच्याचं ५. माझ्या ओबीडी लॉगमध्ये (गाडीच्या संगणकातून घेतलेल्या नोंदीत) नंतरच्या रनला इनटेक हवा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा, ४१ अंशांवरून ६६ वर गेली आणि ४८०० आरपीएमच्या आसपास तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग (ठिणगीची वेळ) ६ अंश मागे आलं. तिथे ग्राफवर खळगा दिसायला हवा होता, तो स्मूदिंगने बुजवला. नॉक (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका) होत असताना रेघ गुळगुळीत करून देणं हे सजावटीचं काम झालं, ट्यूनिंगचं नव्हे. बॉनेटसमोर एकच पेडेस्टल फॅन होता, आणि त्याचं तोंड तुमच्या ऑपरेटरकडे.

मला हवं ते असं. दोन्ही रनच्या मूळ फाइल्स. आणि फेरचाचणी मोफत: चौथा गियर मॅन्युअल मोडमध्ये, किकडाउनचं (गियर आपोआप खाली पाडणारं) बटण न दाबता, टायर गार असताना ३६ पीएसआय, गाडी बांधायच्या पट्ट्यांचा ताण सारखा, गियरबॉक्सचं तेल ८० अंशांच्या वर, पेट्रोल दोन्ही वेळचं एकच, प्रत्येक रनआधी इनटेक हवा बाहेरच्या तापमानाच्या जवळ येईपर्यंत थांबायचं. तीन रन, फरक २ टक्क्यांच्या आत. आकडे चाकांवरचे, एसएईमध्ये, सोबत प्रत्यक्ष आकडाही, स्मूदिंग दोन्हीकडे सारखं. एअर-फ्युएलचा (हवा-इंधन प्रमाणाचा) ग्राफ दोन्ही कागदांवर नाहीच, तोही द्या. मूळ फाइल्स मी तिसऱ्यांदा मागतोय, हे लक्षात असू द्या.

३६ पीएस ही मूळ हार्डवेअरवर वाईट वाढ नव्हे. तेवढंच खरं सांगितलं असतं तर मी चार जणांना तुमच्याकडे पाठवलं असतं. आता सात दिवसांत फाइल्स आल्या नाहीत तर मॅपचे पूर्ण पैसे परत घेईन, आणि भ्रामक दाव्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे करेन. सोबत तुमचेच दोन कागद जोडेन.

तक्रारदार ग्राहक

ता. क. फेरचाचणीला पंख्याचं तोंड गाडीकडे असू द्या.