नागपूरच्या हँगरबद्दल मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

मा. नागरी हवाई वाहतूक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी निवृत्त विमान देखभाल अभियंता आहे. १९७६ साली सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावर एअर इंडियाच्या हँगरमध्ये शिकाऊ म्हणून लागलो आणि सगळी हयात तिथेच काढली. आज लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली, तेव्हा देखभालीची कंपनी, म्हणजे एआय इंजिनीअरिंग सर्व्हिसेस, सरकारकडेच राहिली. बोइंगने नागपूरच्या मिहानमध्ये बांधून दिलेला मोठा हँगरही तिच्याकडेच राहिला. ही कंपनी विकायचा विषय अधूनमधून निघतो. विकायला माझा विरोध नाही. पण जमीन, शेड आणि यंत्रं एवढ्याचीच किंमत लावून ती विकली जाऊ नये, म्हणून हे पत्र.

आमच्या वेळी नव्या पोराच्या हातात पाना मिळायला बरेच महिने लागायचे. तोवर उस्तादांच्या मागे टॉर्च धरून फिरायचं. विमान येऊन उभं राहिलं की फेरी नाकापासून सुरू. चाकांच्या खोलीतल्या नळ्या, टायरची झीज, पंखाची पुढची कड, इंजिनाची पाती. उस्ताद पात्याच्या कडेवरून नख हलकेच फिरवायचे आणि मग माझं बोट धरून त्याच जागी ठेवायचे. डोळ्याला न दिसणारी खाच नखाला लागते, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

तसंच तेलाचं. प्रत्येक फेरीनंतर कुठल्या इंजिनात किती तेल घालावं लागलं, ते नोंदवायचं. एका दिवसाच्या आकड्यावरून काही कळत नाही. पण आठ-दहा फेऱ्यांत आकडा थोडा थोडा चढत गेला, की आत कुठेतरी सील नाहीतर बेअरिंग दुखतंय, हे जुन्या माणसाच्या लगेच लक्षात यायचं. आमच्या जम्बोंना सम्राटांची नावं होती. पाळी बदलताना आधीच्या माणसाला पहिला प्रश्न असायचा, ‘विक्रमादित्यचं तीन नंबर आज किती प्यायलं?’ घरच्या माणसाच्या तब्येतीची चौकशी करावी, तसा.

एअर इंडिया उभी राहिली ती अशा माणसांवर. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा जवळ दोन पस मॉथ विमानं आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. पावसाळ्यात जुहूचा चिखल व्हायचा, मग बिऱ्हाड पुण्याला हलायचं. पुढे जून १९४८ मध्ये ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला गेलं, १९६० साली बोइंग ७०७ आलं आणि १९६२ पर्यंत ताफ्यात फक्त जेट विमानं उरली. तीस वर्षांत एवढी मजल! दर वेळी विमान नवं यायचं, पण ते हाताळायला जुनेच मेकॅनिक शिकून तयार झालेले असायचे.

सरकारने एअर इंडियाचं वाटोळं केलं, असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतरची पंचवीस वर्षं मालकी सरकारचीच होती, आणि तेच या कंपनीचे वैभवाचे दिवस होते. जेआरडी बिनपगारी अध्यक्ष होते. चहाच्या रंगापासून खुर्चीच्या पाठीपर्यंत जे खटकेल ते टिपून ठेवायचे आणि सुधारून घ्यायचे. सरकारने त्यांना काम करू दिलं. १९७८ साली त्यांना दूर केलं गेलं, तेव्हा आम्हा हँगरवाल्यांनाही घरातलं वडीलधारं माणूस गेल्यासारखं वाटलं.

तरीही कामाची ओल टिकून होती. १९९० साली कुवेतमध्ये अडकलेल्या आपल्या लोकांना अम्मानहून आणताना ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या झाल्या आणि १,११,७११ माणसं मुंबईला सुखरूप उतरली. त्या दिवसांत मी रात्रपाळीला होतो. प्रवासी उतरले की आम्ही आत शिरायचो. एका रात्री खिडकीजवळच्या सीटवर किल्ल्यांचा जुडगा सापडला. कपाटाची, दाराची, गाडीची किल्ली. तो धावत जाऊन एका बाईंना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घट्ट धरला. त्या घरी त्यांना परत जाता येणार आहे का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर पुढच्या फेरीची घाई होती, तरी टॉर्च घेऊन नाकापासून शेपटापर्यंतची फेरी एकदाही आखडती घेतली नाही. तसं कुणी सांगितलंही नाही.

घाव बसला तो २००७ च्या विलीनीकरणाने. एअर इंडिया मुख्यतः बोइंगवाली, इंडियन एअरलाइन्स एअरबसवाली. पगार वेगळे, बढतीच्या वाटा वेगळ्या. कागदावर कंपनी एक झाली, पण माणसांची घडी कशी बसवायची यावर धर्माधिकारी समिती नेमायला २०११ साल उजाडलं. तोवर मनं पार विटली होती. साहेब, एआय इंजिनीअरिंगचा व्यवहार करताना एवढं तरी ध्यानात ठेवा. सह्या व्हायच्या आधी माणसांचं काय होणार ते ठरवा.

आता विमानांच्या खरेदीचे आकडे डोळे दिपवणारे आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानं मागवली, जूनमध्ये इंडिगोने ५००. वैमानिकांसाठी अमरावतीच्या बेलोऱ्याला शाळा होते आहे, त्याचा आनंदच आहे. पण देखभालीच्या कामात शिरलेला बारावी झालेला मुलगा ‘विमान उडायला ठीक आहे’ अशी मोठ्या विमानाच्या कागदावर स्वतःच्या जबाबदारीवर सही करेपर्यंत निदान पाच-सहा वर्षं जातात. आणि ती सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं, त्याच्या कारणांबद्दल मी काही लिहिणार नाही. ते काम तपास करणाऱ्यांचं. पण तो दिवस आमच्या धंद्यातला कुणीही विसरू शकत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने कर्ज काढून विमान देखभालीचा अभ्यासक्रम केला. पेपर सुटले, पण चालू विमानावर काम करायची संधीच मिळेना, आणि त्या अनुभवाशिवाय लायसन्स नाही. आज तो पार्सलं पोहोचवतो. असे किती असतील! एकीकडे विमानं येऊन उभी राहणार, दुसरीकडे शिकलेली मुलं हँगरच्या फाटकाबाहेर.

म्हणून मागणं असं. विक्रीच्या अटींमध्येच घाला, की नवा मालक दरवर्षी ठरावीक संख्येने शिकाऊ घेईल, त्यांना विद्यावेतन देईल आणि चालू विमानावर शिकवेल. विक्री लांबणार असेल, तर सरकारने हे नागपूरला आजच सुरू करावं. हँगर आहे, कामाला विमानं आहेत, आणि विदर्भातली मुलं घराजवळ शिकतील. शिकवायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न पडलाच तर आमच्यासारखे निवृत्त लोक मुंबईत पुष्कळ आहेत. मानधन नको, राहायची सोय केलीत तरी पुरे. मी माझ्यापुरतं सांगतो, निरोप आला की दुसऱ्या दिवशी विदर्भ एक्स्प्रेस पकडतो. टॉर्च माझी मी घेऊन येईन.

कळावे,

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
मुंबई