पॅक उघडला की परत तोच डुप्लिकेट

संपादक साहेब,
फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये प्लेयरची कार्डं जमवून आपली टीम बांधायचा जो मोड असतो ना, त्यात आमच्याकडची पोरं पार बुडालीयत, मीपण खेळतो म्हणून लिहितोय. पॅक म्हणजे आत कुठले प्लेयर आहेत ते आधी न कळणारं कार्डांचं बंद पाकीट. ते उघडताना आधी देशाचा झेंडा दिसतो, मग पोझिशन, मग क्लब, तेवढ्यात जीव नुसता टांगणीला लागतो आणि निघतो काय तर आधीच असलेला डिफेंडर, तोही विकता न येणारा! वर नवीन गेम आला की वर्षभर जमवलेली टीम शून्य, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

मजा नाही असं नाही हां. एकाच देशाचे, लीगचे, क्लबचे प्लेयर जुळवून केमिस्ट्री, म्हणजे टीम किती जुळते त्याचे गुण, पुरेपूर ३३ ला नेणं, आणि चिल्लर कॉइन्सला घेतलेल्या विंगरने ९०व्या मिनिटाला महागड्या टीमला गोल ठोकणं, याला तोड नाही.

पण पॅकला खरे पैसे लागतात तिथे बारकी पोरं नकोत. बेल्जियमने २०१८ मध्येच असे लूट बॉक्स, म्हणजे पैसे देऊन घ्यायची पण आत काय ते आधी न कळणारी गेममधली पाकिटं, जुगारात धरले, आपल्याकडे कितीतरी आईबापांना पॅक म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. तुमच्या पेपरात यावर एकदा नीट लिहा, आणि गेमच्या अकाउंटला बँकेचं कार्ड जोडलेलं असेल तर ते काढायलापण सांगा.

– एक वाचक