बुद्धिबळाच्या कोड्यात हत्तींचे एंडगेमही हवेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतले बुद्धिबळाचे कोडे जवळजवळ नेहमी ‘दोन खेळींत मात’ या प्रकारचे असते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण ती बातमी ठळकपणे छापलीत. तिच्यासारखे खेळायचे म्हणणाऱ्या मुलांसाठी महिन्यातून निदान एक कोडे हत्तींच्या एंडगेमचे, म्हणजे मोजकीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्याचे, असावे, ही विनंती. दोन्हीकडे एकेक हत्ती आणि एका बाजूला बढतीच्या वाटेवरचे एक मोकळे, म्हणजे समोरच्या प्याद्यांची आडकाठी नसलेले, प्यादे, एवढ्यावर कितीतरी डाव येऊन ठेपतात. मुले ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, पंधरा खेळ्या पाठ म्हणतात आणि इथे अर्धा गुण घालवतात. ‘एक प्यादे जास्त, म्हणजे जिंकलोच’ हा पालकांचा समजही इथे टिकत नाही.

बचावाची स्थिती आधी शिकवावी असे माझे मत आहे. (घराच्या नावातले अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे पांढऱ्याकडून मोजलेली आडवी रांग.) काळा राजा ई-८ वर, हत्ती ए-६ वर. पांढरा राजा एफ-५, प्यादे ई-५, हत्ती एच-७. काळ्याने हत्ती सहाव्या रांगेतच ठेवायचा आणि ए-६, सी-६ अशी ये-जा करत राहायचे. पांढऱ्या राजाला त्या रांगेत पाऊलच टाकता येत नाही. मग पांढरा नाइलाजाने प्यादे ई-६ वर ढकलतो. त्याच क्षणी काळ्या हत्तीने थेट ए-१ गाठायचे. पांढरा राजा एफ-६ वर आला की एफ-१ वरून शह, ई-५ वर गेला की ई-१ वरून शह. प्यादे पुढे गेल्यामुळे राजाला आडोसा उरलेला नसतो, म्हणून शह थांबत नाहीत आणि डाव बरोबरीत सुटतो. फ्रेंच खेळाडू फिलिडोरने ही पद्धत १७७७ मध्येच मांडली.

चुका दोन ठिकाणी होतात. प्यादे ई-६ वर आल्यावरही हत्ती सहाव्या रांगेतच घुटमळला, तर पांढरा राजा प्याद्याच्या आड एफ-६ वर शिरतो आणि हत्तीने एच-८ वर मात देण्याची धमकी उभी राहते. उलट प्यादे हलण्याआधीच हत्ती पहिल्या रांगेवर पळाला, तर पांढरा राजा ई-६ वर येऊन बसतो. तेव्हाही वाचता येते, पण काळ्या राजाने प्याद्याच्या आखूड (कमी पट्ट्यांच्या) बाजूला, म्हणजे एफ-८ कडे वळायचे आणि हत्ती लांबच्या बाजूला ए-पट्टीत ठेवून आडवे शह द्यायचे, हे माहीत असावे लागते. हत्ती आठव्या रांगेवर नुसता बसवून ठेवणे मधल्या प्याद्यांविरुद्ध अंगाशी येते. प्यादे कडेच्या किंवा तिच्या शेजारच्या पट्टीत असेल, तर मात्र तेवढ्यानेही भागते.

आता जिंकणाऱ्याची बाजू. पांढरा राजा डी-८, प्यादे डी-७, हत्ती एफ-१. काळा राजा जी-७, हत्ती सी-२. खेळी पांढऱ्याची. सातव्या रांगेतले प्यादे पाहून मुले लगेच राजा बाहेर काढतात आणि शहांच्या माऱ्यात परत डी-८ वर येतात. खरी खेळी हत्ती एफ-४. काळा हत्ती सी-१ वर थांबला की राजा ई-७, ई-१ वरून शह. राजा डी-६, डी-१ वरून शह. राजा ई-६, पुन्हा ई-१ वरून शह. राजा डी-५, डी-१ वरून शह, आणि आता हत्ती डी-४ वर मध्ये घालायचा. हत्तींची मारामारी झाली तरी काळा राजा एफ-७ पर्यंतच पोहोचतो आणि प्याद्याचा वजीर होतो. यालाच पूल बांधणे म्हणतात. इटालियन लेखक साल्व्हिओच्या १६३४ च्या पुस्तकात ही स्थिती आहे. हत्ती चौथ्याच रांगेत का, हे मुलांना पटावर खेळून दाखवा. शेवटचा शह अडवताना तो राजाला लागून उभा राहायला हवा, नाहीतर तो फुकट मारला जातो. कडेच्या प्याद्याला हा पूल जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण राजाला एकाच बाजूने बाहेर पडता येते.

या दोन स्थितींपर्यंत पोहोचेपर्यंत एक नियम सांभाळावा: हत्ती मोकळ्या प्याद्याच्या मागे हवा, प्यादे आपले असो वा समोरच्याचे. आपले प्यादे एकेक घर पुढे सरकते, तशी मागच्या हत्तीची घरे वाढतात आणि पुढे अडून बसलेल्या हत्तीची कमी होतात. १९२७ मध्ये ब्युनोस आयर्सच्या जागतिक अजिंक्यपद लढतीतल्या ३४ व्या, म्हणजे शेवटच्या डावात आव्हानवीर अलेखिनने ए-पट्टीतल्या प्याद्यामागे हत्ती नेला, तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका याचा हत्ती पुढे जखडला आणि मग अलेखिनचा राजा दुसऱ्या बाजूच्या प्याद्यांकडे निघाला. हा डाव कोड्यांच्या मालिकेत तुकड्यातुकड्यांनी छापण्याजोगा आहे.

कोड्याखाली ‘पांढरा जिंकेल की बरोबरी?’ एवढाच प्रश्न असावा. पुढच्या रविवारी तीच स्थिती एक पट्टी सरकवून किंवा खेळी दुसऱ्या रंगाची करून द्यावी. उत्तरासोबत सर्वांत मोहात पाडणारी चुकीची खेळी आणि तिचे खंडनही छापावे. सुरुवातीला वर दिलेली पहिलीच स्थिती घ्यावी: प्यादे नुकतेच ई-६ वर आले आहे, काळा हत्ती ए-६ वर आहे आणि खेळी काळ्याची आहे.

आपला,
एक बुद्धिबळ प्रशिक्षक, सांगली